११० सीसीच्या स्कूटरला २८ चा कार्बोरेटर, माझे साडेतेरा हजार गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय

आमच्याकडं वडिलांची २०१२ ची ॲक्टिव्हा आहे. ११० म्हणतात पण इंजिन १०९ सीसीचं. वडील गेल्यापासून मीच वापरतो, कोल्हापुरात रोज वीस-पंचवीस किलोमीटर होतात. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी ओढेनाशी झाली. एकटा असलो की चालायची बरी, पण बायकोला मागं बसवून पन्हाळ्याकडं निघालो तर वाघबीळच्या चढाला चाळीसच्या वर काटा जायचा नाही, इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी तिथंच. विकायचा विषयच नव्हता. वडिलांनी तेरा दिवाळ्या त्या गाडीची पूजा केलीय, ती दारातून जाऊ द्यायची माझी तयारी नाही.

तर कुणीतरी सांगितलं की अमुक ठिकाणी परफॉर्मन्स पार्ट्सचं दुकान आहे, स्कूटरचा पिकअप वाढवून देतात. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण माझ्या हातात पक्कं बिल नाही, आणि ते का नाही तेही पुढं येतंय.

दुकानदार बोलायला एकदम चांगला. गाडी सुरू करून दोनदा रेस केली आणि म्हणाला, "दादा, इंजिन ओके आहे, फक्त तिला श्वास मिळत नाहीये, कंपनी ॲव्हरेजसाठी कार्ब बारीक देते." कार्ब म्हणजे कार्बोरेटर, पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग. मग काउंटरवर एक खोका ठेवला. आत चकचकीत २८ मिमीचा (म्हणजे हवेच्या भोकाचा व्यास २८ मिमी) केहिन पीडब्ल्यूके कार्ब, फ्लॅट स्लाइड, जपानी ओरिजिनल म्हणे. मोबाईलवर एक डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनचा) ग्राफ दाखवला, दोन रेघा, वरची नव्या कार्बची. तो ग्राफ कुठल्या गाडीचा हे मी विचारलं नाही, आणि तिथंच पहिली चूक झाली. मी एवढं मात्र विचारलं की एवढा मोठा कार्ब एवढ्याशा इंजिनाला चालेल का. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं, "अहो परदेशात ८५ सीसीच्या मोटोक्रॉस गाड्यांना कंपनीतूनच २८ चा येतो, ८५ ला चालतो तर तुमच्या ११० ला का नाही चालणार?" हे वाक्य नीट लक्षात ठेवा कारण यातली माहिती खोटी नाहीये, ८५ सीसीच्या रेसिंग गाड्यांना खरंच २८ चा कार्ब येतो, आणि म्हणूनच मी फसलो. साफ खोटं बोलला असता तर घरी येऊन शोधल्यावर कळलं असतं.

कार्ब ११,५००, मॅनिफोल्ड (कार्ब इंजिनाला जोडणारी नळी) १,५००, फिटिंग-ट्युनिंग १,०००, असे १४ हजार झाले. जुना कार्ब "आमच्याकडंच राहू दे, ५०० कमी करतो" म्हणाला, म्हणजे १३,५००. पैसे यूपीआयनं दिले, ते दुकानाच्या नावावर नाही तर कुठल्यातरी दुसऱ्याच माणसाच्या नावावर गेले. बिल मागितलं तर पॅडच्या कागदावर "कार्ब सेट १३,५००" एवढंच, जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही.

ट्रायलला गाडी दिली तेव्हा खरं सांगतो, मला गाडी पळाल्यासारखीच वाटली. एअर फिल्टरचा डबा काढून टाकून त्या जागी छोटा शंकूसारखा फिल्टर लावला होता, त्यामुळं सीटखालून हवा ओढल्याचा जो घोगरा आवाज येतो त्यानं माणसाला वाटतं गाडीत दम आलाय. ट्रायलचा रस्ताही दुकानापासून हलक्या उताराचा. घरी येऊन त्याच रस्त्यानं वर जाऊन बघायचं मला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला. सिग्नलवरून पटकन ॲक्सिलरेटर पिळला की गाडी आधी "भ्वाप्प" करून बसायची, मग एक-दीड सेकंदानं उचलायची. मागून ट्रक असताना दाभोळकर कॉर्नरला हे झालं तेव्हा बायको घाबरून खाली उतरली. ॲव्हरेज आधी ४४-४५ होतं ते २७ वर आलं. प्लग काढून बघितला तर काजळीनं काळाकुट्ट, बोटाला चिकटणारी काजळी. दुकानात गेलो तर स्क्रू दोन आटे फिरवून दिला आणि म्हणाला हे ई-ट्वेंटी पेट्रोलमुळं होतंय, सगळ्यांना होतंय.

आता ही थाप कशी पकडायची ते सांगतो कारण हल्ली सगळ्याच दुकानात हेच सांगतात. ई-ट्वेंटी म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. तेच जेट (कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) ठेवून ई-ट्वेंटी भरलं तर हवा-पेट्रोलचं मिक्शर उलट थोडं पातळ होतं, म्हणजे लीन. लीन चालणाऱ्या गाडीचा प्लग पांढुरका पडतो, काळा नाही. माझा प्लग काळा होता म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात होतं. जुन्या गाड्यांच्या रबराला ई-ट्वेंटीचा त्रास होतो हे मान्य, पण काळ्या प्लगचं खापर त्यावर फोडता येत नाही.

पीयूसीला गेलो तर फेल. माझ्यासारख्या २०१२ च्या चारस्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के, माझी गाडी ६ च्या पुढं दाखवत होती. आधीच्या वर्षी हीच गाडी एक टक्क्याच्या आत होती.

आणि मग बाराव्या दिवशी सकाळी गाडीखाली ओल दिसली, पेट्रोलचा वास. सहज म्हणून ऑइलची डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. ऑइल कधी आपोआप वाढत नसतं. काडीवरचा थेंब बोटांत घेतला तर पाण्यासारखा पातळ, आणि नाकाजवळ नेला तर सरळ पेट्रोल. मी गाडी सुरू न करता ढकलत उद्यमनगरात नेली, आणि ती ढकलत नेली म्हणून इंजिन वाचलं असं मिस्त्री म्हणाले. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर चालवली असती तर पिस्टन आणि कॅम दोन्ही घासले असते.

उद्यमनगरातल्या या मिस्त्रींकडं वडील जायचे. मला आधीच तिकडं जायला हवं होतं. त्यांनी पहिल्यांदा कार्बला हातच लावला नाही, आधी नळ्या बघितल्या. माझ्या गाडीला पेट्रोल कॉक व्हॅक्यूमवर चालतो, म्हणजे इंजिन सुरू असेल तेव्हाच मॅनिफोल्डच्या ओढीनं कॉक उघडतो, गाडी बंद की पेट्रोल बंद. दुकानदारानं जो मॅनिफोल्ड लावला त्याला त्या बारीक नळीसाठी तोंडच नव्हतं. मग त्यानं काय केलं, तर कॉकच काढून टाकून टाकीतून थेट कार्बला पाईप जोडला. वर कार्बमधली फ्लोटची निडल (वाटी भरली की पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) नीट बसत नव्हती. म्हणजे रात्रभर पेट्रोल येत राहिलं, काही ओव्हरफ्लोच्या नळीतून जमिनीवर आणि बाकीचं मॅनिफोल्डमधून इंजिनात, तिथून रिंगांमधून झिरपत ऑइलमध्ये. पार्किंगमध्ये आठ गाड्या एकमेकींना लागून असतात आमच्या. कुणी तिथं काडी ओढली असती तर काय झालं असतं हा विचार मला अजूनही रात्री येतो.

माझे दाजी फाउंड्रीत आहेत, त्यांना संध्याकाळी कार्ब दाखवला. त्यांनी फ्लोटचं वाटीसारखं झाकण काढलं, जिथं गॅस्केट बसतं ती कड नखानं चाचपली आणि म्हणाले, "ही पोरॉसिटी बघ." टाचणीच्या टोकाएवढी भोकं, कास्टिंगमध्ये गॅस अडकल्यावर राहतात तशी. बाहेरून पॉलिश केलेलं, आतून तसंच. चांगल्या कंपनीच्या डायकास्टमध्ये त्या कडेला असलं काही चालत नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या शेजारच्या टर्नरकडं पिन गेजचा सेट होता, त्यानं मेन जेट तपासला. जेटवर १२० छापलेलं. केहिनच्या जेटचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, १२० म्हणजे १.२० मिमी. त्या भोकात १.३० ची पिन आरामात गेली, १.३५ ची थोडी अडकत गेली. म्हणजे नंबर निव्वळ छापलेला. असल्या जेटवर कुणी कितीही ट्युनिंग केलं तरी ते लागणारच नाही, कारण १२० काढून ११५ टाकला तर तो खरा किती हे कुणाला कळणार. तोच डुप्लिकेट सेट, अगदी तोच खोका, ऑनलाइन २,२०० ला दिसला मला.

पण माझं म्हणणं फक्त डुप्लिकेटचं नाहीये. मिस्त्रींना मी विचारलं की खरा जपानी असता तर? ते म्हणाले तरी तुझ्या गाडीला नाहीच, आणि कागदावर हिशोब मांडून दाखवला, तो इथं देतो कारण हा हिशोब मला आधी कुणी सांगितला असता तर पैसे वाचले असते.

चारस्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. १०९ सीसी, साडेसात हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३,७५० वेळा. गुणाकार केला की जास्तीत जास्त ४०९ लिटर हवा, त्यापेक्षा जास्त ते इंजिन ओढूच शकत नाही, पुढं २८ लावा नाहीतर ४० लावा. आता ती ८५ सीसीची मोटोक्रॉस गाडी टूस्ट्रोक, प्रत्येक फेरीला ओढते आणि अकरा हजारांच्या पुढं फिरते. ८५ गुणिले ११,००० म्हणजे ९३५ लिटर. दुपटीपेक्षा जास्त. सीसी बघून तुलना करायला लावली तिथंच मला गंडवलं होतं.

मोठं भोक असलं तर बिघडतं काय? कार्बमध्ये पेट्रोल वर येतं ते हवेच्या वेगामुळं. समजा २० मिमीचं भोक आहे, त्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मिमी. २८ चं ६१६, जवळपास दुप्पट. तेवढीच हवा दुप्पट जागेतून गेली की वेग निम्मा, आणि वेग निम्मा झाला की पेट्रोल खेचणारी ओढ पाव. मग खालच्या आरपीएमला पेट्रोलचे बारीक तुषार न होता जाड थेंब जातात, आणि ते जळावं म्हणून जेट मोठा टाकतात, आणि मोठ्या जेटनं वरच्या आरपीएमला प्लग काळा होतो. शिवाय कंपनीचा कार्ब व्हॅक्यूमचा असतो, आपण फक्त खालची झडप उघडतो, कार्बच्या आतला पिस्टन इंजिनाला लागेल तेवढाच डायफ्रामच्या ओढीनं वर जातो. फ्लॅट स्लाइडमध्ये त्या पिस्टनच्या जागी सपाट पडदा असतो, तो थेट आपल्या हातात, पटकन पिळला की सगळं दार एकदम उघडं, हवा घुसते आणि पेट्रोल मागं राहतं. तो "भ्वाप्प" तोच. आणि स्कूटरला गिअर नसतात, त्यांच्या जागी बेल्टवर चालणारा व्हेरिएटर असतो, तोच आतल्या रोलरच्या वजनावर ठरवतो इंजिन किती आरपीएमला धरायचं, त्याला हात न लावता नुसता कार्ब बदलून चढाला फरक पडत नाही. हेड, कॅम, एक्झॉस्ट सगळं बदलून रेसची गाडी बनवणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्याकडं इंजिनच जास्त हवा ओढणारं झालेलं असतं.

मग गाडी ओढत का नव्हती? व्हेरिएटर उघडला तर सहाही रोलर एका बाजूनं घासून चपटे, बेल्ट दोन ठिकाणी चिरलेला, आणि जुना एअर फिल्टर (तो दुकानदारानं डब्यासकट परत दिला होता एवढं बरं) ओल आणि धुळीनं गच्च. रोलर, बेल्ट, फिल्टर, मजुरी धरून २,१५० रुपये. मूळ दुखणं एवढंच. पण माझा जुना कार्ब दुकानात राहिला होता, तो मागायला गेलो तर "विकला गेला." ही ५०० रुपयांची सूट खरी घातक, कारण जुना कार्ब घरात असता तर मी तिसऱ्याच दिवशी परत बसवून फरक बघितला असता. नवा कंपनीचा कार्ब ३,२०० ला घ्यावा लागला, मॅनिफोल्ड आणि कॉक वेगळा. आपला जुना पार्ट कुणालाही, कितीही सूट दिली तरी सोडून येऊ नका.

पैशांचं म्हणाल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला, तक्रार घेतली त्यांनी, पहिला प्रश्न बिलाचा होता. माझ्याकडं यूपीआयचा स्क्रीनशॉट दुसऱ्याच्या नावाचा आणि पॅडचा कागद. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी लागत नाही, पण कागदाशिवाय सिद्ध काय करणार. म्हणून खरेदीच्या वेळीच जीएसटीचं बिल, त्यावर पार्टचं पूर्ण नाव आणि "ओरिजिनल" हा शब्द लिहून मागा. नाही म्हणाला तर त्याच क्षणी उठा. मी दाजींना घेऊन जेटची मापं लिहिलेला कागद त्याच्या काउंटरवर ठेवला तेव्हा त्यानं ४,००० परत केले, बाकीचे गेले.

त्याच दिवशी दुकानाबाहेर कॉलेजचा एक मुलगा उभा होता, नवी डिओ. बोलता बोलता कळलं की २,००० ॲडव्हान्स दिलेत, त्याच्या गाडीला २८ चा कार्ब बसवणार आहेत. मी गाडीचं साल विचारलं तर २०२२. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे प्रदूषण नियम आल्यावर या स्कूटरना कार्बोरेटरच येत नाही, फ्युएल इंजेक्शन येतं, सेन्सर आणि ईसीयूवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरवर) चालणारं, आणि हा माणूस ते सगळं काढून तिथं तोच डुप्लिकेट बसवणार होता. मी त्याला माझा काळा प्लग दाखवला, तो खिशातच होता कागदात गुंडाळलेला. तो आत गेला ॲडव्हान्स परत मागायला. पैसे त्याच्या मोबाईलवर येईपर्यंत आम्ही दोघं दारात उभे राहिलो.