स्वयंसेवक सांभाळणाऱ्यांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण: जरूर करा, पण कायद्याच्या सत्राला वेळ वाढवून हवा

येरवड्याच्या वस्तीतल्या आमच्या अभ्यासिकेत मी आठ वर्षं स्वयंसेवकांचं काम बघते. अठरा मुलं, आणि शिकवायला येणारे आलटून पालटून पंधराएक जण. हे काम मला कुणी शिकवलं नव्हतं, जमेल तसं निभावत आले होते. या वेळी संस्थेने साडेतीन हजार फी भरून पाठवलं.

पहिल्या दिवशी दुपारी जोड्या लावून सराव होता. माझ्यासमोरच्या ताई सतत उशिरा येणाऱ्या स्वयंसेवक झाल्या होत्या. त्या कारणं सांगत गेल्या आणि मी तीनदा म्हटलं, "काही हरकत नाही." प्रशिक्षक मॅडमनी थांबवलं. "अभ्यासिकेची किल्ली कुणाकडे असते?" म्हटलं, त्यांच्याचकडे. "मग तोवर मुलं कुठे असतात?" मी म्हटलं, "पायरीवर." हे बोलले आणि गळा दाटून आला, कारण आमची मुलं खरंच पायरीवर बसलेली असतात. पुढच्याच आठवड्यात आमच्या एका दादांशी बोलले, "दादा, साडेपाचची वेळ जमत नसेल तर किल्ली दुसऱ्या कुणाकडे देऊया." मला वाटलं होतं, रागावून सोडून जातील. त्यांनी शनिवारची वेळ मागून घेतली आणि आता वेळेवर येतात.

एनएसएसच्या (कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलांबद्दलचं मार्गदर्शनही कामाचं. त्यांना वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास भरायचे असतात, आणि आमच्याकडे फेब्रुवारीत सह्यांसाठी रांग लागते. मॅडमचं म्हणणं, कॉलेज सुरू होताच कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा, कामाचे वार ठरवा आणि तास त्याच दिवशी वहीत लिहून दोघांनी सही करा. आम्ही तशी वही घातली आहे.

जेवण, जागा ठीक. नोट्स मात्र सगळ्या इंग्रजीत, त्या मराठीत हव्याच. गावाकडून आलेल्या दोघी शेजारणीला विचारून लिहून घेत होत्या.

खरी तक्रार पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, सत्राची. दुसऱ्या दिवशी शेवटची पंचवीस मिनिटं, निम्मे लोक गाडी गाठायला उठलेले. 2012 च्या या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची धास्ती वाटली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि झालेला गुन्हा दडवला तर कलम 21 खाली शिक्षा आहे. हे स्वयंसेवकालाही लागू आहे. मूल काही सांगू लागलं तर त्या क्षणी काय बोलायचं, काय विचारायचं नाही, याचा सराव किल्लीच्या प्रसंगासारखाच करून घ्यायला हवा होता. निदान अर्धा दिवस द्या. तसं वेगळं सत्र ठेवलंत तर आमच्या दोघी जणी नक्की येतील, फी आम्ही भरू.