लीफ्सचा सगळ्यात वाईट डिफेन्समन: नाव घ्यायचं तर कुणाचं?

भाचा सप्टेंबरमध्ये शिकायला टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला आला, क्रिकेट काही सुटलं नाही पण तीन महिन्यांत आइस हॉकीचं वेड लागलं. रूमवर आठ पोरं आहेत, त्यांनी ठरवलंय की शनिवारी प्रत्येकाने टोरांटो मेपल लीफ्सच्या आजवरच्या सगळ्यात वाईट डिफेन्समनचं एक नाव घ्यायचं, त्याची केस मांडायची, आणि ज्याची केस सगळ्यात लंगडी पडेल त्याने सगळ्यांना कॉफी पाजायची. तर परवा रात्री साडेदहाला फोन, मामा कुणाचं नाव घेऊ? मी म्हटलं हे असं एका वाक्यात नाही सांगता येत बाबा, लिहून पाठवतो. ते हे. बाकी कुणाला असाच पेच पडला असेल तर त्यांनीही घ्यावं.

आधी डिफेन्समन म्हणजे काय ते नीट बघ, कारण निम्मी भांडणं तिथेच होतात. आपल्या माणसाला मी कबड्डीतून समजावतो. गोली, म्हणजे गोलकीपर, सोडून पाच जण बर्फावर, त्यातले दोन मागे, म्हणजे आपले दोन कोपरे समज. कोपऱ्याचं काम काय, थांबायचं, चढाई करणाऱ्याला आत येऊ द्यायचं आणि मग धरायचं. ज्याने घाई करून हात टाकला त्याच्यामुळे साखळी तुटते आणि समोरचा बोनससकट पॉइंट घेऊन जातो. पण जो गप उभा राहून रेडरला नुसतं कडेकडेला ढकलत नेतो त्याचं नाव कोण घेतं? कोणी नाही. डिफेन्समन दिसतो तो चुकल्यावरच. आणि दुसरं म्हणजे प्लस-मायनस हा आकडा, पोरं तो हमखास फेकणार. दोन्हीकडे सारखी माणसं खेळत असताना तू बर्फावर आहेस आणि आपला गोल झाला तर एक अधिक, खाल्ला तर एक उणे. गोल्याने डुलकी काढली तरी उणे तुझ्या खात्यात. तेव्हा नुसत्या त्या आकड्यावर कुणाला फाशी देऊ नकोस.

तिसरं, ‘आजवरचा’ या शब्दाला फार भुलू नकोस. 1984-85 चा सीझन घे, लीफ्स अख्ख्या लीगमध्ये (एनएचएल) शेवटचे, 80 मॅचमध्ये 358 गोल खाल्ले, म्हणजे मॅचमागे जवळपास साडेचार. त्या टीममध्ये बोर्ये साल्मिंग होता, तो तर देवमाणूस, पण बाकीचे जे मागे खेळले त्यांची नावं आज कोणी घेतं का? नाही. कारण बघितलंच कुणी कितीसं. म्हणजे ‘आजवरचा’ याचा खरा अर्थ ‘मी टीव्हीवर बघितलेला’. (गंमत म्हणजे त्या घाण सीझनमुळे ड्राफ्टला, म्हणजे टीमांनी नवी पोरं क्रमाने निवडायची असतात तेव्हा, पहिला नंबर मिळाला आणि त्यात वेंडेल क्लार्कला घेतला, तो ज्युनियरला डिफेन्समन होता, इथे आल्यावर पुढे खेळवला, आणि मग लोकांचा जीव झाला.)

आता उमेदवार.

लॅरी मर्फीपासून सुरू करतो, कारण हे नाव तू घ्यायचं नाहीस आणि कुणी घेतलं तर त्याला तिथेच गाडायचं. 1995 ला पिट्सबर्गकडून आणला, दोन स्टॅनली कप, म्हणजे लीगची जेतेपदं, आधीच खिशात. पहिल्या सीझनला 61 पॉइंट (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) केले, डिफेन्समनला हा आकडा चांगलाच म्हणायचा. पण दुसऱ्या वर्षी टीम बुडाली आणि मेपल लीफ गार्डन्सच्या, म्हणजे लीफ्सच्या जुन्या स्टेडियमच्या, पब्लिकने खापर फोडायला डोकं शोधलं ते ह्याचं. आमच्या शेजारी एक रिटायर्ड गृहस्थ राहतात, ते त्या काळी गार्डन्सला मॅच बघायला जायचे. गेल्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना विषय निघाला तर फावडं टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, मीपण ओरडायचो रे. पक (रबरी चकती) त्याच्या काठीला लागला की अख्खं स्टेडियम हुर्यो उडवायचं, काठीवरून गेला की गप्प, परत लागला की परत सुरू. का पण, मी विचारलं. तर थोडा वेळ विचार करून म्हणाले, तो हळू दिसायचा.

बस, एवढंच. हळू दिसायचा. मार्च 1997 ला त्याला डेट्रॉइटला जवळजवळ फुकटात देऊन टाकला, वर पगारातला काही हिस्सा लीफ्सनेच भरायचा असं ठरलं. तिथे त्याला निक्लास लिडस्ट्रॉमच्या जोडीला लावला आणि तीन महिन्यांत डेट्रॉइटने 1955 नंतरचा पहिला कप उचलला, पुढच्या वर्षी अजून एक. म्हणजे आपण पैसे भरून माणूस घालवला आणि त्याने तिकडे जाऊन कप जिंकला. रिटायर झाला तेव्हा 1615 मॅच, तोवर कुठल्याच डिफेन्समनने एवढ्या खेळल्या नव्हत्या. आधीचा 1446 चा रेकॉर्ड कुणाचा होता माहितीय? टिम हॉर्टनचा, ज्याच्या नावाची कॉफी तुम्ही शनिवारी पिणार आहात तोच, लीफ्सकडून चार कप जिंकलेला डिफेन्समन. 2004 ला मर्फी हॉल ऑफ फेममध्ये गेला. तर हा वाईट नव्हता, वाईट आपण होतो.

ब्रायन मकेबचं नाव येईल, ते 2007 ला ओव्हरटाइममध्ये बफेलोविरुद्ध स्वतःच्याच गोलमध्ये पक घातला म्हणून. हो घातला, मीपण डोक्याला हात लावला होता. पण त्याच माणसाने 2005-06 ला 68 पॉइंट केलेत, त्यामुळे हे नाव टिकत नाही. डिऑन फनॉफचंही तसंच, कॅप्टन होता, सात वर्षांचा 4 कोटी 90 लाख डॉलरचा करार, 2013 च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरची बाद फेरी, जो आधी चार मॅच जिंकेल तो पुढे) बोस्टनविरुद्ध चौथ्या मॅचच्या ओव्हरटाइमला वर जाऊन घाईची पकड करायला गेला आणि मागे रान मोकळं, त्यांच्या क्रेचीने गोल मारून मॅच संपवली. पण रोज समोरच्या टीमची सगळ्यात भारी लाइन ह्याच्याच अंगावर सोडायचे, वर ह्याला जोडीदार कधी धड मिळाला नाही. जाऊ दे. आणि कुणी टॉम कर्व्हर्स म्हणाला तर समज की त्याला खेळाडू आणि सौदा यातला फरक कळत नाही. त्याच्यासाठी 1991 च्या ड्राफ्टचा पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे निवडीची पाळी, दिला, त्यात न्यू जर्सीने स्कॉट नीडरमायर घेतला, सौदा भयंकर, मान्य. कर्व्हर्स स्वतः मात्र 1989-90 ला छान खेळला.

आकी बर्ग. हे नाव पन्नाशीच्या पुढचे लोक घेतील. 1995 च्या ड्राफ्टला लॉस एंजेलिसने तिसऱ्या नंबरावर उचलला, त्याच ड्राफ्टला जॅरोम इगिन्ला अकराव्या नंबरावर गेला, आता बोल. 2001 ला लीफ्सकडे आला आणि 2006 पर्यंत होता. उंच, धिप्पाड, स्केटिंग व्यवस्थित, आणि पक काठीवर आला की हातात गरम तवा दिल्यासारखा चेहरा. गोल करणं त्याचं काम नव्हतं हे मला कळतं, पण 600 च्या वर एनएचएल मॅच खेळून गोल 15. त्याच्या बाजूने एकच मुद्दा पण तो चांगला आहे, फिनलंडने त्याला ऑलिम्पिकला नेला आणि 2006 ला रौप्यपदक घेऊन आला. म्हणजे कुणाला तरी काहीतरी दिसत होतं. आणि लीफ्सने त्याला तिसऱ्या जोडीत ठेवून तसाच वापरला, डोक्यावर नाही बसवला. तिसऱ्या नंबरचा पिक ही त्याची चूक नाही, ती दुसऱ्या टीमच्या लोकांची.

जेक गार्डिनर. तुमच्या रूमवरची निम्मी पोरं हेच नाव घेणार लिहून ठेव, कारण त्यांनी हे लाइव्ह बघितलंय. 25 एप्रिल 2018, बोस्टन, प्लेऑफची सातवी म्हणजे निर्णायक मॅच. तीनपैकी दुसरा पिरियड संपला तेव्हा आपण 4-3 ने पुढे. मी बेसमेंटमध्ये, हिने वर भजी तळायला घेतलेली, आणि मी ओरडून सांगितलं की आता खाली आण, आज होतंय. तिसरा पिरियड सुरू झाला, मिनिटभरातच बरोबरी. मग बोस्टनचा डेब्रस्क पक घेऊन सुटला, समोर गार्डिनर एकटा, आणि तो मागे मागे सरकतोय, सरकतोय, काठी पुढे करतोय, आणि डेब्रस्क खांदा घालून त्याच्या बाहेरून असा निघून गेला जसा रिक्षावाला सिग्नलला कडेने घुसतो. 5-4. शेवटी 7-4. गार्डिनर त्या मॅचला मायनस 5. पुढच्या वर्षी पुन्हा बोस्टन, पुन्हा सातवी मॅच, 5-1 ने हरलो, ह्याचे मायनस 3. दोन सातव्या मॅच, मायनस 8. भजी त्या दिवशी कुणी खाल्ली आठवत नाही.

पण थांब. त्याच 2017-18 ला त्याने 82 मॅचमध्ये 52 पॉइंट केले, मॅचला बावीस मिनिटांच्या वर खेळायचा, आणि आपल्या झोनमधून पक बाहेर काढायला टीममध्ये ह्याच्याइतका भरवशाचा दुसरा नव्हता. त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये कॅमेऱ्यांपुढे पाणावलेल्या डोळ्यांनी उभा राहिला आणि हार स्वतःच्या अंगावर घेतली, पळाला नाही. जानेवारी 2019 ला घरच्याच बर्फावर पब्लिकने ह्याचीही हुर्यो उडवली. मी तेव्हा वीसेक वर्षांपूर्वीच्या मर्फीचा विचार करत होतो. तर गार्डिनर म्हणजे सगळ्यात वाईट दोन रात्री, पण सगळ्यात वाईट खेळाडू अजिबात नाही. घसरतो तोच ज्याला कोच परत परत निसरड्यावर पाठवतो.

जस्टिन हॉलला याच न्यायाने सोडून दे. वर्षाला 20 लाख डॉलरवर खेळत होता, पेनल्टी किलला, म्हणजे आपला एक जण शिक्षेला बाहेर बसलेला असताना, ढोरमेहनत करायचा. 2022 च्या प्लेऑफच्या सातव्या मॅचला आपल्या टॅव्हारेसचा गोल ह्याने समोरच्याची वाट अडवली म्हणून रद्द झाला आणि आपण 2-1 ने गेलो, त्याचा राग मला आजही आहे, पण एवढ्या पैशात ह्याहून जास्त काय मागणार?

म्हणजे उरले दोघे, आणि खरी तुलना ह्यांचीच आहे. दोघांना समजून घ्यायला एक गोष्ट लागते, सॅलरी कॅप. 2005 पासून प्रत्येक टीमला पगाराची वरची मर्यादा आहे, मर्फीच्या काळी ती नव्हती. आता एकावर जास्त उडवले की ते दुसऱ्याच्या ताटातून जातात.

जेफ फिंगर. 2008 च्या उन्हाळ्यात कोलोरॅडोकडून आला, गाठीला एनएचएलच्या शंभर मॅचही नाहीत, आणि करार चार वर्षांचा, 1 कोटी 40 लाख डॉलर. लोक चेष्टेने अजून म्हणतात की फोन दुसऱ्याच डिफेन्समनला करायचा होता, लागला ह्याला. दोन सीझन खेळला, उरलेली दोन वर्षं मार्लीजमध्ये, म्हणजे आपल्याच शहरातल्या खालच्या टीममध्ये, पगार तोच. तेव्हाच्या नियमाने खाली पाठवला की कॅपमधून सुटका व्हायची म्हणून पाठवला. पण ऐक, पहिल्या सीझनला तो काही टाकाऊ नव्हता, अंगावर शॉट झेलायचा, सरळसाधा खेळायचा. तुला कुणी गल्लीतल्या किराणा दुकानासाठी मॉलचं भाडं देऊ केलं तर तू नाही म्हणशील का? त्याने सही केली, बस.

आणि माइक कोमिसारेक. 2009 ला मॉन्ट्रियलकडून आला, म्हणजे थेट वैऱ्याच्या घरातून. त्याच वर्षी ऑलस्टार मॅचला लोकांनी मतं देऊन सुरुवातीच्या सहात घातलेला. पाच वर्षं, सव्वादोन कोटी डॉलर, वर्षाला 45 लाख, तेव्हाच्या कॅपच्या हिशोबाने रुपयातले आठ पैसे एकट्यावर. काम एकच सांगितलं होतं, आपल्या गोलसमोर कुणाला उभं राहू द्यायचं नाही. पहिल्या वर्षी खांदा गेला, 34 मॅच. ते दुखणं खरं होतं, त्याला मी दोष देत नाही. पण परत आला तेव्हा समोरचा वळला की हा अजून वळायचाच असायचा, मग उशीर झाला म्हणून काठी अडकवायची, मग दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये, आणि त्या दोन मिनिटांत गोल. हळूहळू वरच्या जोडीतून खाली, खालून बाकावर. 2012-13 ला तर चार मॅच. आणि 2013 ला लीगने टीमांना कॅपवर बोजा न येता करार मोडायची सूट दिली तेव्हा लीफ्सने ज्या दोघांना पैसे देऊन घरी पाठवलं त्यातला एक हा.

दोघं शेजारी ठेव. फिंगरकडून कुणाला अपेक्षाच नव्हती, फसवला असेल तर आपल्याच मॅनेजरने आपल्याला. कोमिसारेककडून होती, त्याने ती आधी दुसरीकडे पुरी करून दाखवलेली, पैसे मिळाले, मोठं काम मिळालं, तब्येत सावरल्यावर 2010-11 ला 75 मॅच मिळाल्या, तरी जमलं नाही, आणि शेवटी ज्यांनी हौसेने आणला त्यांनीच वर पैसे मोजून निरोप दिला. मर्फी, मकेब, फनॉफ, गार्डिनर ह्यांच्या बाजूने काहीतरी भरीव सांगता येतं. ह्याच्या लीफ्समधल्या चार वर्षांबद्दल मला खांद्याशिवाय दुसरं काही सांगता येत नाही.

तर माझं मत कोमिसारेक. फक्त एक अडचण आहे, तुमच्या रूमवरची पोरं तेव्हा चौथी-पाचवीत होती, त्यांना हा आठवणार नाही, म्हणून सव्वादोन कोटी आणि शेवटच्या सीझनच्या चार मॅच हे दोन आकडे आधी टाक, मग बोल. बर्गवाला कुणी निघाला तर त्याच्याशी वाद घालू नकोस, तो अर्धा बरोबर आहे. आणि गार्डिनरवाला जास्तच ताणायला लागला तर त्याला शांतपणे विचार, तिसऱ्या पिरियडला 4-3 ने पुढे असताना उरलेले चार जण आणि गोली नक्की कुठे होते? उत्तर आलं नाही तर कॉफी त्याच्याकडून घे. मोठी, डबल-डबल, म्हणजे दोन क्रीम दोन साखर.