मॅप द मील गॅप: भुकेचा नकाशा, दोन वर्षं वापरल्यावर

न्यू जर्सीत एका फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट धान्य देतात तिथे, मी दर शनिवारी पिशव्या भरायला जाते, आणि गेली दोन वर्षं फीडिंग अमेरिका या फूड बँकांच्या संस्थेच्या साइटवरचा हा नकाशा वापरतीये, म्हणून लिहितीये. फुकट आहे, लॉगिन वगैरे काही लागत नाही. पाचपैकी चार स्टार.

आपली काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, निवडली की तिथल्या किती लोकांना दोन वेळच्या जेवणाची खात्री नाही, त्यात मुलं किती, एका जेवणाला सरासरी किती खर्च येतो, सगळं समोर येतं. २०११ पासून दरवर्षी नवे आकडे टाकतात. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते म्हणजे यातल्या किती जणांची कमाई स्नॅपच्या, म्हणजे सरकारी अन्नमदतीच्या, मर्यादेच्या वर आहे तो आकडा. पगार पुरत नाही आणि स्नॅपही मिळत नाही, अशा माणसानं पँट्रीत नाही यायचं तर कुठे जायचं? आमच्या मंडळात धान्य गोळा करायचा विषय निघाला तेव्हा एक काका म्हणाले, एडिसनमधे कोण उपाशी आहे? मी फोनवर एडिसन ज्यात येतं ती मिडलसेक्स काउंटी उघडून त्यांच्या हातात दिली, ते बराच वेळ बघत बसले, आणि पुढच्या शनिवारी तूरडाळीच्या सहा मोठ्या पिशव्या स्वतः गाडीतून घेऊन आले.

आता हे आकडे येतात कुठून, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. पँट्रीच्या रांगेतली डोकी मोजून भूक कळत नाही, गरज असून रांगेत न येणारे कितीतरी असतात. म्हणून सेन्सस ब्युरो, म्हणजे इथलं जनगणना खातं, कृषी खात्यासाठी १९९५ पासून देशभरातल्या हजारो घरांना थेट विचारत आलाय, अलीकडे दर डिसेंबरात. प्रश्न १०, घरात मुलं असतील तर १८. तीन किंवा जास्त उत्तरं अडचणीची आली की ते घर जेवणाची खात्री नसलेलं म्हणून मोजलं जातं. २०२१ मधे अशी घरं १०.२ टक्के होती, कोविडची जादा मदत संपत गेली आणि २०२३ मधे १३.५ टक्के, म्हणजे १ कोटी ८० लाख घरं.

प्रश्न किती विचार करून लिहिलेत ते मला एका मावशींमुळे कळलं. पँट्रीत आल्या, डब्यातला राजमा परत ठेवला, तांदूळ नि मसूर घेतली. मी विचारलं, घरी काही अडचण आहे का मावशी? "नाही गं, आमचं व्यवस्थित चाललंय, हे शेजारणीसाठी नेतीये." मग मी सर्वेतला प्रश्न मराठीत विचारला, की वर्षभरात कधी असं वाटलं का, हातात पैसे यायच्या आधीच धान्य संपेल? वरचेवर, कधीकधी, का कधीच नाही? पिशवीची गाठ मारता मारता म्हणाल्या, "कधीकधी." आणि पैसे नव्हते म्हणून जेवण टाळलंत कधी? "रात्रीचं सोडलंय मी. मुलाला सांगितलंय ॲसिडिटी होते."

एक स्टार का कापला सांगते. आकडे जवळजवळ दोन वर्षं मागचे असतात, २०२५ च्या आवृत्तीत २०२३ चे आहेत. सर्वे घराघरांचा, त्यामुळे रस्त्यावर राहणारे त्यात येतच नाहीत. आणि काउंटीचा आकडा हा अंदाज आहे, सर्वेतून बेकारी, गरिबी, उत्पन्न यांचा अन्नाच्या अडचणीशी काय संबंध निघतो ते बघून मग प्रत्येक काउंटीला लावलेला, त्यामुळे आपल्या गल्लीचं चित्र त्यातून काढू नका.

पण मुख्य काळजी वेगळीच आहे. २०२५ च्या सप्टेंबरात कृषी खात्यानं जाहीर केलं की हा सर्वे खर्चिक आणि अनावश्यक आहे, पुढे करणार नाही. नकाशा उभा आहे तो याच सर्वेवर! जवळपास तीस वर्षं तेच प्रश्न विचारल्यामुळे एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना करता येते, मधेच साखळी तुटली तर मागची वर्षं परत जाऊन विचारता येत नाहीत, आणि मला याचा खरंच राग येतो, कारण त्या मावशी कुठल्याच रजिस्टरमधे नाहीत, त्या फक्त अशा प्रश्नांतूनच सापडतात. ज्यांना आपल्या मंडळात, देवळात, शाळेत धान्य गोळा करायचंय त्यांनी आपल्या काउंटीचे आकडे आत्ताच बघून लिहून ठेवा, मी आमचे मागच्या सगळ्या वर्षांचे वहीत उतरवून घेतलेत.