ठाण्याच्या नौपाड्यातला मराठी लेखनाचा रविवार वर्ग: लावावा का?

आठवी ते दहावीच्या मुलांना आपलं म्हणणं मराठीत पटवून देता यावं असं वाटत असेल, तर हा वर्ग जरूर लावा. गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका स्वतःच्या घरी घेतात. माझी लेक नववीत आहे आणि जूनपासून जातेय.

शाळेत उभयान्वयी अव्ययांचे, म्हणजे वाक्यं जोडणाऱ्या शब्दांचे, प्रकार पाठ करून घेतात. समुच्चयबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक... प्रश्न येतो, मुलं प्रकार ओळखतात, गुण मिळतात. पण विनंतीपत्र लिहायला बसलं की सगळी वाक्यं ‘आणि’, ‘तसेच’, ‘शिवाय’ने जोडलेली. बाई तिथूनच सुरुवात करतात.

लेकीला पत्राचा विषय दिला होता: सोसायटीच्या आवारात संध्याकाळी मुलांना खेळायला जागा सोडावी. तिने लिहिलं, ‘मुलांना खेळायला हवं, पण गाड्या लावायला जागा कमी पडते.’ बाईंनी दोन्ही वाक्यांची फक्त अदलाबदल केली: ‘गाड्या लावायला जागा कमी पडते, पण मुलांना खेळायला हवं.’ शब्द तेच, बाजू मात्र बदलली. ‘पण’च्या पुढे जे येतं, तेच वाचणाऱ्याच्या मनात राहतं. पहिलं वाक्य वाचून सेक्रेटरी ‘बरोबर आहे, जागाच नाही’ म्हणून पत्र बाजूला ठेवतील. दुसरं वाचल्यावर त्यांना उत्तर द्यावं लागेल.

‘म्हणून’साठीही एक पडताळणी आहे आणि मला ती फार आवडली. वाक्य उलटं करून मध्ये ‘कारण’ घालायचं. ‘आमची सोसायटी जुनी आहे, म्हणून मुलांना जागा हवी’ हे वरवर बरं वाटतं. उलटवून बघा: ‘मुलांना जागा हवी, कारण आमची सोसायटी जुनी आहे.’ लगेच कळतं की दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. मग मुलं खरं कारण शोधायला लागतात. इथे ते असं निघालं: जवळचं मैदान मोठा रस्ता ओलांडून आहे, लहान मुलांना एकटं सोडता येत नाही.

समोरच्याची अडचण आधी ‘जरी’ने मान्य करायची आणि मग ‘तरी’ने आपला मुद्दा पुढे न्यायचा, यावर त्या सर्वांत जास्त वेळ देतात. तो वेळ मला अजिबात वाया गेल्यासारखा वाटत नाही. मी सरकारी कार्यालयात काम करते, माझ्या टेबलावरून रोज टिपण्या जातात. ज्या टिपणीत ‘तथापि’ (तरीही) आणि ‘सबब’ (म्हणून) योग्य ठिकाणी असतात, ती एका वाचनात कळते. बाकीच्या टिपण्या खुलाशासाठी परत जातात. हे कौशल्य मुलांना पंधराव्या वर्षी मिळतंय, याचा मला मनापासून आनंद आहे.

खटकलेली गोष्ट एकच, पण महत्त्वाची. सुरुवातीलाच जोडशब्दांचा एक छापील कागद देतात. मुलं त्यातले शब्द उचलून प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडाशी ‘वस्तुतः’, ‘किंबहुना’, ‘परिणामी’ चिकटवतात. लेकीची पहिली काही पत्रं वाचवत नव्हती. ‘किंबहुना’नंतर आधीपेक्षा जोरदार विधान यायला हवं, हे तिला माहीतच नव्हतं. हा कागद दिवाळीनंतर दिला, तर बरं होईल; मी बाईंना तसं सांगितलंय.

सातवीच्या आतल्या मुलांना इतक्यात पाठवू नका, त्यांना उदाहरणं जड जातात. खोली लहान आहे, त्यामुळे जागा लवकर भरतात. मे महिन्यातच विचारून ठेवा.