एमएम ५४० ची गंजलेली चासी : दुरुस्ती, लेप आणि दोन पावसाळे

आमच्या देवगडच्या घरी महिंद्रा एमएम ५४० जीप आली ती १९८९ साली. बाबांनी ती बागेसाठी घेतली होती. आंब्याच्या पेट्या, खताची पोती, कलमं, सगळं तिनं वाहिलं. प्युजोचं डिझेल इंजिन आजही एका चावीत सुरू होतं. पण २०२३ च्या दिवाळीत मागचं चाक काढायला जॅक लावला, तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकचं डोकंच चासीत, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यात, शिरलं. वरून रंग शाबूत होता. आत लोखंड उरलं नव्हतं.

मार्च २०२४ मध्ये काम पुरं झालं. त्यानंतर किनाऱ्यावरचे दोन पूर्ण पावसाळे गाडीनं काढले आहेत, म्हणून आता लिहितोय. ताज्या रंगाचे फोटो सगळ्यांचेच सुंदर असतात.

बॉडी उचलल्यावर पहिलं काम हातोडी आणि टोच्याचं. चासीवर इंच-इंचावर ठोकत गेलो. धड लोखंड खणखणतं, खाल्लेलं भदभद वाजतं. सगळ्यात वाईट जागा दोन निघाल्या : मागच्या पाट्या (स्प्रिंगा) चासीला जिथे टांगतात तो शॅकलचा हँगर, आणि मागचा क्रॉस मेंबर, म्हणजे चासीच्या दोन लांब बाजू जोडणारा आडवा पोकळ तुकडा. क्रॉस मेंबरमधून जांभ्याची तांबडी माती घमेलंभर निघाली, डिसेंबरातही ओली. जिथे पत्र्यावर पत्रा बसवला आहे तिथे मधल्या फटीत गंज फुगून दोन्ही पत्रे एकमेकांपासून सुटले होते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, आणि त्या फुगण्याला एवढा जोर असतो की रिव्हेटही तुटतात.

चासी टेंपोत घालून घाट चढून कोल्हापूरला नेली. मुद्दाम. एक तर उद्यमनगरात असलं काम रोज हाताखालून जाणारे लोक आहेत, आणि दुसरं म्हणजे फेब्रुवारीतली तिथली कोरडी हवा. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात उघडं लोखंड सकाळी घासलं तर संध्याकाळी तांबूस होतं. मिस्त्रींनी चासी उलटी करून बघितली आणि म्हणाले, "मालक, आत गंज ठिवून वरनं कितीबी मारा, काय उपेग न्हाई." पुढचे वीस महिने मला ह्या वाक्याचाच अनुभव येत गेला.

कापायच्या आधी त्यांनी चासीचे तिरपे कर्ण मोजले, आडव्या अँगल पट्ट्या टाचून घेतल्या, मगच ग्राइंडर लावला. ठिगळ चौकोनी लावलं नाही. पट्टीची टोकं निमुळती केली, म्हणजे वेल्डिंगची सरळ उभी रेघ चासीवर येत नाही. तशी रेघ आली की पुढे तिथेच तडा जातो. वेल्डिंगही थोडं इथे, थोडं तिथे असं मारलं, कारण एका जागी उष्णता साठली की चासी पिळते. आणखी एक गोष्ट ह्या कामात कुणीही विसरू नये : चासी नंबर. तो ग्राइंडरनं किंवा ब्लास्टिंगनं (दाबाच्या हवेनं खर मारून गंज उडवतात त्यानं) पुसट झाला तर आरटीओत गाडीची ओळख पटवणं अवघड होतं. आम्ही त्यावर रबराची पट्टी घट्ट बांधली होती आणि आधी फोटो काढून ठेवले होते.

ब्लास्टिंग कॉपर स्लॅगनं, म्हणजे तांबं गाळताना उरणाऱ्या खरीनं, केलं. साध्या वाळूनं करणारेही भेटतात. पण ती धूळ फुप्फुसात बसते आणि करणाऱ्या माणसाचं आयुष्य खाते. दोन पैसे वाचतात म्हणून तसं करून घेऊ नका. पांढरं स्वच्छ लोखंड बघून मी खूश होतो, तर तासाभरात खड्ड्यांमधून काळपट ओलसर ठिपके वर आले. हे मीठ. ते डोळ्यांना दिसत नाही, ब्लास्टिंगनं पुरतं निघत नाही आणि हवेतला ओलावा ओढत राहतं. मग गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं चासी धुतली, सुकवली आणि पुन्हा एकदा ब्लास्टिंगचा हलका हात फिरवला. किनाऱ्यावरच्या गाडीला ही पायरी गाळली की महागातला महाग लेपही खालून सुटणार. माझ्या मते सगळ्या कामात सगळ्यात मोलाचा हा एक दिवस होता.

लेपासाठी पावडर कोटिंगचा विचार केला आणि सोडला. दिसतं फार छान, पण पेटीसारख्या बंद भागात आतवर पोचत नाही, आणि खडी लागून एकदा टवका उडाला की पाणी त्याच्या खालून सरकत जातं. घरी ब्रशनं डागडुजीही करता येत नाही. आम्ही दोन डब्यांच्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले, कडांना आणि वेल्डिंगला आधी ब्रशनं एक जादा हात. वर काळा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. इपॉक्सी उन्हात खडूसारखा भुरभुरतो, म्हणून पीयू लागतोच. मात्र त्याच्या हार्डनरसाठी चांगला मास्क हवा, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. सगळं सुकल्यावर, आणि वेल्डिंग शंभर टक्के संपल्यावर, लांब नळीच्या नोझलनं आतल्या पोकळीत मेण मारलं. ब्लास्टिंग, लेप आणि मेण मिळून २६,००० रुपये गेले, वेल्डिंग वेगळं.

आता टिकलं किती ते. लांबीच्या दोन्ही बाजू, बाहेरून, आजही काळ्याभोर आहेत. प्रत्येक पावसाळ्यानंतर भोकांतून टॉर्च आणि मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा घालून बघितलं. आत मेणाचा थर जागेवर आहे, नवीन गंज नाही. मे महिन्याच्या उन्हात मेण थोडं पाघळून खाली ठिपकतं. पाणी निघायची भोकं त्यानं बुजतात, म्हणून पावसाच्या आधी तारेनं ती मोकळी करतो.

बिघडलं ते तीन जागी. पाट्या आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या कडेला लेप चिरडून तांबडी रेघ आली; तिथे घासून ब्रशनं इपॉक्सी लावला, ते आटोपलं. डाव्या बाजूला हातभर पीयू पापुद्र्यासारखा निघाला. चूक माझी होती. इपॉक्सीनंतर मी घरच्या कार्यासाठी निघून आलो, बारा दिवस मध्ये गेले, आणि तेवढ्यात कडक झालेल्या थरावर न घासताच वरचा हात दिला. ठरलेली मुदत उलटली की पॉलिश पेपर मारावाच लागतो.

तिसरी जागा मात्र मनाला लागली. गिअरबॉक्सच्या क्रॉस मेंबरचा एक जोड ठोकून बघताना चांगला वाजला, म्हणून आम्ही रिव्हेट काढले नाहीत. पहिल्याच पावसात त्या फटीतून तांबडं पाणी ओघळलं. सध्या तिथे मेण मुरवतोय. दुसऱ्या पावसात ओघळ कमी झाला, थांबला नाही. येत्या फेब्रुवारीत गिअरबॉक्स उतरवून तो जोड सोडवायचा, दोन्ही पत्रे आतून साफ करायचे आणि रिव्हेटऐवजी हाय टेन्साइल बोल्ट बसवायचे, असं मिस्त्रींशी बोलून ठेवलंय. ते म्हणाले, या वेळी चासी आणायची गरज नाही, तेच देवगडला येतील.