थर्मास घेताना आधी झाकण बघा

दुकानात थर्मास हातात घेतला की आपण रंग बघतो, पकड बघतो आणि खोक्यावरचं ‘24 तास गरम’ वाचून खूश होतो. प्रवासाला आणि रोजच्या कामाला अर्ध्या लिटरचा, दुहेरी भिंतीचा स्टीलचा थर्मास खरंच उत्तम. पण चांगला कुठला आणि डोकेदुखी कुठला, हे बहुतेक वेळा झाकणावर ठरतं.

दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते, म्हणून अंगातून उष्णता फारशी जात नाही. शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांची 1892 सालची ही युक्ती आजही तशीच चालते. उष्णता निसटते ती गळ्यातून, जिथे आतली आणि बाहेरची भिंत एकमेकींना जोडलेली असते, आणि झाकणातून. म्हणून तोंड जितकं रुंद तितकं आतलं लवकर निवतं. पिण्यासाठी अरुंद तोंडाचा, जेवण न्यायला रुंद तोंडाचा, असे दोन वेगळे घ्यावेत. एकातच दोन्ही भागवायला गेलं की दोन्हीकडे अडतं.

झाकणांत सगळ्यात भरवशाचं म्हणजे भरीव, आट्यांचं बूच. ओतायला ते पूर्ण काढावं लागतं, एवढाच त्रास. बटण दाबून ओतायची झाकणं दिसायला सोयीची असतात, पण आत स्प्रिंग, झडप आणि अरुंद खाचा असतात. चहातलं दूध तिथे साचतं, वरून कितीही धुतलं तरी निघत नाही आणि दोन दिवसांत वास मारायला लागतो. असं झाकण घ्यायचंच असेल, तर त्याचे भाग हाताने सुटे होतात का, हे दुकानातच करून बघावं. होत नसतील तर त्यात फक्त पाणी ठेवायचं. नळी लावलेल्या झाकणातून गरम काही पिऊ नये. घोट किती गरम आहे ते जीभ भाजल्यावरच कळतं.

‘24 तास’ या आकड्याला फारसा अर्थ नाही, कारण गरम म्हणजे किती अंश, ते त्यात लिहिलेलंच नसतं. काही उत्पादक ‘6 तासांनी इतके अंश’ असा आकडा देतात. तुलना करायची तर त्याची करावी, आणि तीही सारख्याच मापाच्या थर्मासांत. मोठा थर्मास उष्णता जास्त वेळ धरतो, अर्धा भरलेला लवकर निवतो.

घरी आणल्यावर लगेच तपासावा. उकळतं पाणी भरून बूच लावा आणि दहा मिनिटांनी बाहेरून हात फिरवा. गळ्याशी थोडं कोमट लागणं साहजिक आहे. पोट किंवा बूड गरम लागलं तर दोन भिंतींमध्ये हवा शिरलेली आहे. ते दुरुस्त होत नाही, सरळ परत करावा. त्याच पाण्यासकट कोरड्या कागदावर पाव तास उलटा धरून ठेवा. कागद ओला झाला तर बुचाची सिलिकॉनची रिंग नीट बसली आहे का, उलटी तर लागली नाही ना, ते बघा. गळतीचं कारण बहुधा तिथेच असतं.

रोज वापरताना आधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवावं, ओतून टाकावं आणि मग चहा भरावा. थंड स्टील पहिल्याच मिनिटाला बरीच उष्णता खातं. बुचाच्या खाली बोटभर जागा सोडावी, नाहीतर बंद करताना उकळता चहा हातावर येतो.

दुधाच्या पेयांबद्दल मात्र काटेकोर राहावं. 5 ते 60 अंशांच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात आणि निवत चाललेलं दूध नेमकं त्याच टप्प्यात तासन्‌तास राहतं. नासलेल्या दुधाचा वायू साठून बूच जोरात उडूही शकतं. दुधाचा चहा तीन-चार तासांत संपवावा; लांबच्या प्रवासाला कोरा चहा न्यावा, पण पत्ती गाळूनच, नाहीतर कडू होतो. डब्याच्या थर्मासातलं जेवणही वाफाळतं असतानाच भरायचं, कोमट कधीच नाही. सोड्याची फसफसती पेयं कुठल्याच थर्मासात नकोत. विमानतळावर तपासणीआधी रिकामा करावा, पुढे गेल्यावर भरून घ्यावा.

आतला तपकिरी थर घासू नये. अर्धा लिटर गरम पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून झाकण न लावता काही तास ठेवला की तो सुटतो. पांढरे डाग क्षाराचे असतात, त्यांना व्हिनेगर लागतं. ब्लीच अजिबात नको; त्यातल्या क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात. धुतल्यावर बूच वेगळं वाळवावं.

झिजते ती शेवटी सिलिकॉनची रिंग. त्या मॉडेलची सुटी रिंग मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा. मिळत नसेल तर दुसरा बघा.