बिलात ४२० फूट, बोअरमध्ये ३४०

मराठवाड्यातल्या एका शेतकऱ्याच्या हातात पहाटे तीनला बिल पडलं. २१ रॉड (खोदताना एकापुढे एक जोडून आत सोडतात त्या लोखंडी दांड्या), ४२० फूट, केसिंग (वरची भिंत ढासळू नये म्हणून आत बसवतात ती नळी) ६० फूट. बोअर खोदणाऱ्या गाडीला पुढच्या गावी जायची घाई, म्हणून पैसे रोख आणि लगेच. सकाळी दगड बांधलेली, गाठी मारलेली दोरी आत सोडली, तर ती ३४० फुटांवर टेकली. गाडीवाल्याला फोन केला तर उत्तर आलं, "तळाला गाळ बसला असेल."

गाळ बसतो, पण त्याच दिवशी पाच-दहा फूट. ऐंशी फूट बोअर एका रात्रीत बुजली असेल तर भिंत ढासळली, म्हणजे बहुधा केसिंग कमी पडलं. कसंही बघितलं तरी चूक बहुधा गाडीवाल्याचीच. शिवाय तीनशे फुटांपुढे दर वाढतो, म्हणजे न खोदलेले ८० फूट नेमके सगळ्यात महाग दराचे.

ही चोरी रॉडच्या मोजणीत होते. मोठ्या गाडीचा रॉड बहुधा २० फुटांचा असतो, काही गाड्यांचा १५ किंवा १० फुटांचा. काम सुरू होण्याआधी एक रॉड टेप लावून स्वतः मोजा. प्रत्येक रॉड खाली जाताना वहीत रेघ मारा, आणि वर काढताना पुन्हा मोजा, कारण काढताना खोटं बोलता येत नाही. शेवटचा रॉड निम्मा जमिनीवरच उभा असतो, तोही पूर्ण धरला जातो. काम रात्री चालणार असेल तर वही घेऊन घरातलं कुणीतरी जागं हवंच. डोळा लागला की दोन-चार रॉड वाढतात.

आता केसिंग. आपल्याकडे वर माती, खाली मुरूम, मग कातळ. केसिंगची नळी मुरूम ओलांडून कातळात फूट-दोन फूट रुतली पाहिजे. या बोअरमध्ये मुरूम पन्नास फुटांच्या पुढे होता आणि २० फुटी नळ्या उतरल्या दोनच, पैसे मात्र तीनचे. तीन आठवड्यांत मोटर गाळात अडकली. मग कुणीतरी भर दुपारी आरशाने ऊन आत पाडलं. निळी नळी चाळीस फुटांवर संपलेली आणि तिच्याखाली तांबूस मुरमाची ओली भिंत, खडे सुटत असलेली, वरून स्पष्ट दिसली. आरशाची ही तपासणी फुकट आहे. मोटर सोडण्याआधी करा. नळ्या उतरण्याआधी जमिनीवर मांडून मोजा आणि उरलेला तुकडा जपून ठेवा.

पाणी लागलं म्हणून जो फवारा दाखवतात, त्यातही फसगत आहे. धूळ बसावी म्हणून गाडी स्वतःच आत पाणी सोडते, कधी फेसाची पावडरही टाकते. वर उडणारं पाणी बरंचसं टँकरचंच असू शकतं. गाडीतून आत सोडलं जाणारं पाणी बंद करायला सांगा, अर्धा-पाऊण तास नुसती हवा मारू द्या, मगच मोजा. बाहेर येणारं पाणी चारी काढून एका पाइपातून २०० लिटरच्या पिंपात घ्या. पिंप दोन मिनिटांत भरलं तर तासाला ६,००० लिटर. "अडीच इंची पाणी" अशा अंदाजी शब्दांवर मोटर विकत घेऊ नका. सुरुवातीला फटींमध्ये साठलेलं पाणी जोरात येतं आणि मग मंदावतं.

"अजून शंभर फूट जाऊ, खाली भरपूर आहे" हे वाक्य ऐकलं की थांबा. बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या कातळात, पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरात असतं. खोल गेल्यावर ते मिळण्याची शक्यता सहसा घटत जाते. जागा दाखवणारा पाणाड्या अनेकदा गाडीच्या एजंटाचाच माणूस असतो आणि त्याचं कमिशन फुटावर असतं. त्यापेक्षा जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांना विचारा. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ नुसार ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल बोअरवर निर्बंध आहेत आणि खोदणाऱ्या गाडीची नोंदणी लागते. गाडीवाले याच कायद्याचा धाक घालून गप्प बसवतात: "तक्रार केलीत तर तुम्हीच अडकाल." म्हणून परवानगीचा प्रश्न आधीच मिटवा आणि गाडीचा नोंदणी क्रमांक कागदावर घ्या.

त्याच कागदावर टप्प्यानुसार दर, बोअरचा व्यास, केसिंगची जाडी आणि फूट लिहून सही घ्या. दहा टक्के रक्कम दोरी सोडून मोजेपर्यंत हातात ठेवा. पक्कं बिल नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे उभं राहणं फार अवघड जातं.

पैशापलीकडचं नुकसान पाण्याचं. केसिंगभोवतीची पोकळी माती-सिमेंटने बंद केली नाही, तर गोठ्यातलं सांडपाणी पावसाबरोबर सरळ खाली उतरतं. मग बोअरच्या पाण्यात नायट्रेट, म्हणजे सांडपाण्यातून उतरणारा एक क्षार, वाढतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि तान्ह्या बाळाला ते सगळ्यात घातक. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून वर एक फूट नळी, भोवती सिमेंटचा ओटा, तोंडाला घट्ट झाकण, आणि पिण्याआधी प्रयोगशाळेत तपासणी. कोरडी गेलेली बोअर मात्र झाकणावर सोडू नका. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे ती तळापासून वरपर्यंत माती-दगडांनी भरा, तीही गाडी शेतात उभी असताना.